बाळंतपण आणि नवऱ्याचे काम

"डॉक्टर, बाळंतपण बायकांचं, त्यात माझं काय काम?" धसईच्या एका तरुणाने विचारले. मी म्हटले, "बरंच आहे."

नववा महिना लागताच गाडी कोणाची, रात्री चालवणार कोण, हे ठरवावे. १०८ क्रमांक घरात सर्वांना पाठ हवा. धसईहून मुरबाड, गरज पडल्यास पुढे उल्हासनगर. ऐन वेळी शोधाशोध नको. कळा येताना कंबर चोळावी, घोटघोट पाणी द्यावे, धीर द्यावा. 'जोर कर' मात्र नर्सबाईंनी सांगितल्यावरच. २०१६ पासून सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी नात्यातली बाई सोबत राहू शकते. तीही आधीच ठरवावी. अंगावरून रक्त गेले, झटके आले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट न पाहता निघावे.

परवा तो पेढे घेऊन आला. "रात्री दोनला रक्त दिसलं, डॉक्टर. गाडी दारातच होती."