आठ भाकरी, आठ दिरहम

चौथे खलिफा हजरत अली (कारकीर्द इ. स. ६५६ ते ६६१) यांच्या न्यायबुद्धीची ही कथा परंपरेने सांगितली जाते.

● वाद : एकाच्या ५ भाकरी, दुसऱ्याच्या ३. वाटेत भेटलेल्या पाहुण्यासह तिघांनी त्या सारख्या वाटून खाल्ल्या. पाहुण्याने ८ दिरहम दिले. पहिला म्हणाला, तुझे ३. दुसरा निम्म्यावर अडून बसला.

● हिशेब : प्रत्येक भाकरीचे ३ तुकडे धरले, तर एकूण २४. प्रत्येकाने ८ खाल्ले. पहिल्याच्या १५ तुकड्यांपैकी ७ पाहुण्याला मिळाले, दुसऱ्याच्या ९ पैकी एकच.

● निवाडा : पहिल्याला ७ दिरहम, दुसऱ्याला १.

आपल्या वाट्यातून पाहुण्याला जेवढे दिले, तेवढाच हक्क.