धावून आल्यावर रक्त काय सांगते?

सांगलीच्या सपाट रस्त्यांवर सराव करणाऱ्याला साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढताना धाप लागणारच. तरीही २०१२ साली सुरू झालेल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये पन्नाशी-साठी ओलांडलेली हौशी मंडळीही घाट चढून-उतरून २१ किलोमीटर पुरे करतात. समजा, असेच एक निवृत्त शिक्षक शर्यतीनंतर फार थकले, म्हणून मुलाने त्यांचे रक्त तपासून घेतले. अहवालात ‘ट्रोपोनिन वाढलेले’ असे आले. घरात घबराट! हा हृदयविकाराचा झटका समजायचा का?

आधी ट्रोपोनिन म्हणजे काय ते पाहू. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा त्यातले प्रथिनांचे तंतू एकमेकांवरून सरकतात. हे सरकणे केव्हा सुरू व्हावे नि केव्हा थांबावे, हे ठरवणारी प्रथिने म्हणजे ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूतले ट्रोपोनिन हातापायांच्या स्नायूंतल्यापेक्षा थोडे वेगळे असते. म्हणून रक्तात ते वाढलेले दिसले, की ते हृदयातून आले असे ओळखता येते.

झटक्यामध्ये रक्तपुरवठा तुटून हृदयाच्या पेशी मरतात. त्यांचे तंतू हळूहळू मोडतात आणि ट्रोपोनिन कित्येक दिवस रक्तात उतरत राहते. लांब पल्ला धावल्यावरही ते वाढते, पण काही तासांत शिखर गाठून साधारण एक ते तीन दिवसांत पूर्ववत होते. पेशींच्या आवरणातून थोडे ट्रोपोनिन तात्पुरते पाझरत असावे, असे अनेक शास्त्रज्ञांचे मत आहे. निरोगी तरुण धावपटूंतही ही वाढ आढळते.

मग काळजीचे कारणच नाही का? तसेही नाही. नेदरलँड्समधल्या नायमेगेन येथे ३० ते ५५ किलोमीटर चालणाऱ्या ७२५ जणांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे वय साठीच्या आसपास होते. चालून झाल्यावर ६३ जणांचे ट्रोपोनिन नेहमीच्या मर्यादेपलीकडे गेले. पुढच्या सुमारे साडेतीन वर्षांत या ६३ पैकी २७ टक्के जणांना मृत्यूने गाठले किंवा हृदयाचा गंभीर त्रास झाला. उरलेल्यांत हे प्रमाण ७ टक्के होते. याचा अर्थ चालण्याने हृदय बिघडले असा होत नाही. आत दडलेला विकार श्रमामुळे उघड झाला असण्याची शक्यता अधिक. आणि ६३ पैकी बहुतेकांना या काळात असे काही झाले नाही, हेही विसरू नये.

म्हणजे एकटा आकडा निर्णय देत नाही. डॉक्टर काही तासांच्या अंतराने पुन्हा रक्त तपासतात, हृदयाचा विद्युत आलेख काढतात, लक्षणे विचारतात. मूत्रपिंडाच्या विकारातही ट्रोपोनिन वाढलेले असू शकते, म्हणून जुन्या आजारांची चौकशी करतात. आमच्या शिक्षकांच्या बाबतीत हेच व्हायला हवे. मात्र छातीत दाब, घाम, दम किंवा भोवळ असेल तर ‘धावल्यामुळे असेल’ म्हणत घरी थांबू नये. तडक रुग्णालय गाठावे. ज्यांना रक्तदाब वा मधुमेह आहे, त्यांनी शर्यतीत नाव देण्याआधीच तपासणी करून घ्यावी.

वर्गात आपण ट्रोपोनिन मोजू शकत नाही, पण नाडी मोजू शकतो. मुलांना बसल्या जागी १५ सेकंद नाडी मोजून चारने गुणायला सांगा. मग तीन मिनिटे जागेवर धावू द्या. त्यानंतर पाच मिनिटे दर मिनिटाला नाडी मोजून आलेख काढा. एखाद्याची नाडी १४० भरली, तर त्याला आजारी म्हणाल का? मुले लगेच सांगतील, ‘आत्ताच धावलाय, थांबा, खाली येईल.’ आकडा केव्हा मोजला आणि पुढे तो कोणीकडे गेला, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लावता येत नाही, हे मुलांना त्या आलेखातच सापडेल.