विमानसेवेचा भरवसा आणि दूरचा उतारू : सातारा-सांगलीच्या संदर्भात

सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. कऱ्हाडची धावपट्टी कोयना प्रकल्पाच्या सोयीसाठी १९५५ साली बांधण्यात आली. परंतु तिकीट काढून विमानात बसावयाचे झाल्यास येथील उतारूला कोल्हापूर, पुणे अथवा मुंबई गाठावी लागते. सांगलीहून कोल्हापूर सुमारे ५० किलोमीटर, तर पुणे सुमारे २३०. असे असता सांगलीचा उतारू जवळचा विमानतळ सोडून अनेकदा पुण्याची वाट का धरतो, याचे उत्तर केवळ भाड्याच्या फरकात सापडत नाही. ते सेवेच्या भरवशात शोधावे लागते.

पुण्याहून सकाळी सात वाजता सुटणाऱ्या विमानाचे उदाहरण घेऊ. विमानतळावर पाच वाजता हजर व्हावयाचे. मोटारीचे साडेचार ते पाच तास. शिवाय महामार्गाची कामे व खंबाटकीची अडचण गृहीत धरून तासभर अधिक. म्हणजे आदल्या रात्री अकराच्या सुमारास घर सोडणे भाग पडते. दोन तासांच्या उड्डाणासाठी आठ तासांची ही पूर्वतयारी होय. विमान रद्द झाल्यास पुण्याचा रहिवासी रिक्षा करून घरी परततो. सांगलीकरास मात्र मुक्काम तरी शोधावा लागतो किंवा २३० किलोमीटर मागे यावे लागते. म्हणूनच तो विमानतळ निवडताना अंतराबरोबर आणखी एक गोष्ट मोजतो : हे विमान चुकले वा रद्द झाले, तर त्याच दिवशी दुसरे आहे काय?

या कसोटीवर लहान विमानतळ मागे पडतो. कोल्हापूरचा विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत १९३९ साली सुरू झाला, म्हणजे तो काही नवखा नव्हे. केंद्र सरकारने २०१६ साली ‘उडान’ योजना आखली. तीत निम्म्या आसनांचे भाडे तासाभराच्या प्रवासास २,५०० रुपयांच्या आसपास मर्यादित करून तूट तीन वर्षे भरून देण्याची तरतूद होती. तिच्याखाली २०१८ मध्ये कोल्हापूर-मुंबई सेवा वीसहून कमी आसनांच्या विमानाने चालू झाली. ती चालविणाऱ्या एअर डेक्कनने २०२० मध्ये आपला कारभारच थांबविला. ज्या कंपनीपाशी मोजकीच विमाने असतात तिचे एक यंत्र नादुरुस्त झाले की त्या दिवसाची फेरी बुडते. फेऱ्या बुडाल्या की उतारू पुण्याकडे वळतो, आसने रिकामी राहतात आणि फेऱ्या आणखी घटतात. कोल्हापुरास २०२४ मध्ये नवी प्रशस्त इमारत लाभली, हे इष्टच झाले. पण इमारतीने फेऱ्या वाढत नाहीत.

भरवशाची सर्वाधिक गरज असलेला उतारू येथे थोडा नाही. साताऱ्याच्या अपशिंग्यासारख्या गावांतील जवानास रजा संपण्याच्या दिवशी पलटणीत हजर व्हावयाचे असते. तो एक दिवस हातचा राखून निघतो, म्हणजे रजेतलाच एक दिवस खर्ची घालतो. खानापूर-आटपाडीकडील गलाई व्यावसायिक देशभर विखुरलेले आहेत. गावाकडे कोणी गेल्याची वार्ता आल्यावर त्यांना वेळापत्रक पाहत बसण्याची सवड नसते.

पुण्यातील पर्यायांची श्रीमंतीही किती खरी, याचा प्रत्यय डिसेंबर २०२५ मध्ये आला. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम अमलात येत असता इंडिगोने पुरेशी तजवीज केली नव्हती. ५ डिसेंबर या एका दिवसात देशभर तिची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली. देशांतर्गत उतारूंपैकी साठ टक्क्यांहून अधिक याच कंपनीचे असल्याने ‘दुसरे विमान’ही पुष्कळदा तिचेच होते.

वेळेत सूचना न देता उड्डाण रद्द केल्यास विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार भरपाई मिळते : उड्डाण तासाभराचे असल्यास ५,००० रुपये, दोन तासांपर्यंत ७,५०० व त्याहून दीर्घ असल्यास १०,००० पर्यंत. कंपनीच्या आटोक्याबाहेरील कारण असल्यास तीही नाही. ही मोजणी आकाशातील वेळेवर होते. घर किती दूर आहे, याचा तीत विचार नाही. सातच्या विमानाची रद्द झाल्याची सूचना पहाटे तीनला आली, तर पुण्याचा उतारू अजून अंथरुणात असतो; सांगलीचा शिरवळच्या आसपास पोहोचलेला असतो.