घराच्या भिंती आणि बिनतारी लहरी

हल्लीं बाजारभाव, हवामानाचा अंदाज, सातबाराचा उतारा व मुलांचा अभ्यास हीं सारीं कामें इंटरनेटच्या द्वारें घरबसल्या होतात. परंतु ओसरीवर उत्तम चालणारें वायफाय माजघरांत पोंचत नाहीं, अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकूं येते, आणि लोक अधिक किंमतीचें यंत्र विकत आणावयास निघतात. तो खर्च करण्यापूर्वीं घराची बांधणी एकवार तपासून पाहावी.

आचार्य जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं कलकत्त्यास बिनतारी लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. अर्थात् भिंत म्हणजे सर्वस्वीं अटकाव नव्हे. मात्र प्रत्येक पदार्थ लहरींचें बळ कमीअधिक हरण करतो. लांकूड व साधी कांच यांतून त्या फारशी हानि न होतां जातात. विटांच्या भिंतींत त्या क्षीण होतात. जुन्या वाड्याच्या जाड दगडी भिंतींत व सळयांच्या काँक्रीटमध्यें त्याहून अधिक. लोखंडी पत्र्यावरून तर त्या परतच फिरतात. पाणी त्यांस शोषून घेतें. म्हणून पाण्याची टांकी किंवा पावसाळ्यांत ओल धरलेली भिंत मध्यें आल्यास पल्ला घटतो.

लहरींच्या प्रमुख जातीही दोन आहेत. २.४ गिगाहर्ट्झची लहर सुमारें १२ सेंटिमीटर लांब असून भिंती ओलांडण्यास ती बरी; ५ गिगाहर्ट्झची सुमारें ६ सेंटिमीटरची लहर वेगानें काम करते, परंतु भिंतींपुढें लवकर थकते.

यास्तव राउटर घराच्या मध्यभागीं, उंच व मोकळ्या जागीं ठेवावा. लोखंडी कपाट, पत्र्याची कणगी, मोठा आरसा किंवा फ्रीज यांच्या आड तो ठेवूं नये. लहर भिंतींतून तिरपी गेल्यास तिला तीच भिंत अधिक जाड पडते, हेंही ध्यानांत असावें. घर फार लांब असल्यास तार ओढून पलीकडे दुसरें यंत्र बसविणें हाच खात्रीचा उपाय होय.

हाच नियम विहिरीवरील मोबाईल स्टार्टरासही लागू आहे. पत्र्याच्या खोलींत, लोखंडी पेटींत कोंडलेल्या यंत्रास संदेश मिळेलच असें नाहीं. आणि रात्रीं वीज येऊनही पंप सुरू न झाल्यास पिकाच्या पाण्याची पाळी चुकते. त्याची एरियल पेटीबाहेर व पत्र्याबाहेर काढून घ्यावी.

प्रथम हातांत मोबाईल घेऊन घरभर फिरावें, लहर कोठें तुटते तें पाहावें, यंत्राची जागा बदलून पुन्हां पाहावें. एवढ्यानें काम न भागल्यासच पैशाच्या पिशवीस हात घालावा.