तिसऱ्या क्यूबचं काय करायचं?

काँक्रीटची ताकद मोजणं ही लॅबमधली सगळ्यात सोपी चाचणी वाटते. १५० मिलिमीटरचा क्यूब टाकायचा, २८ दिवस पाण्यात ठेवायचा, मशीनमध्ये फोडायचा आणि लोडला क्षेत्रफळाने भागायचं. झालं!

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या एका मिक्सचे तीन क्यूब ७२९, ७०० आणि ५५३ किलोन्यूटनला फुटले. क्षेत्रफळ २२,५०० चौरस मिलिमीटर, म्हणजे ताकद ३२.४, ३१.१ आणि २४.६ एमपीए. मनात पहिला विचार काय आला असेल, ओळखा. तिसरा गाळायचा आणि उरलेल्या दोघांची सरासरी ३१.७५ लिहायची. तक्ता कसा छान दिसतो!

आयएस ४५६ मात्र तशी मुभा देत नाही. तिन्हींची सरासरी २९.४ येते. प्रत्येक आकडा तिच्या १५ टक्क्यांच्या आत हवा, म्हणजे साधारण २५ ते ३३.८ मध्ये. माझा तिसरा जेमतेम बाहेर होता, पण बाहेर तो बाहेर. आणि मग बाद होतो तो एकटा क्यूब नाही, अख्खा नमुना. एकाच घाण्याच्या तीन क्यूबमध्ये एवढा फरक पडला तर कुठेतरी चुकलंय एवढंच कळतं. कोणता खरा, हे आकडा सांगत नाही.

ते सांगितलं तुकड्यांनी. मशीनच्या पोलादी प्लेटा घर्षणाने क्यूबची वरची-खालची बाजू धरून ठेवतात, तिथे काँक्रीटला फुगता येत नाही. त्यामुळे चारही बाजूंच्या ढलप्या निघतात आणि टोकाला टोक लावलेले दोन पिरॅमिड उरतात. (याच घर्षणामुळे क्यूबचा आकडा सिलिंडरपेक्षा मोठा येतो, १५० बाय ३०० मिलिमीटरच्या सिलिंडरची ताकद ढोबळपणे क्यूबच्या ८० टक्के धरतात. अमेरिकेतले पेपर सहसा सिलिंडरवर असतात. लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ते आकडे थेट आपल्या शेजारी मांडू नका.)

माझे पहिले दोन क्यूब असेच फुटले होते. तिसऱ्याची फक्त एक कड तिरकी निसटली होती, बाकी बाजूंना धड तडाही नव्हता. तुकडा उलटून पाहिला तर प्लेटखाली आलेल्या बाजूवर थापीचे ओरखडे! क्यूब टाकताना जी बाजू वर होती, तीच मशीनमध्येही वर ठेवली गेली होती. लोड द्यायचा तो साच्याला टेकलेल्या समोरासमोरच्या बाजूंवर, कारण त्याच गुळगुळीत आणि समांतर असतात. ठेवला कोणी? मीच. दुपारचे चार वाजले होते आणि मागे एमटेकची मुलं रांगेत होती.

घाईचा दुसरा बळी म्हणजे लोडचा वेग. तो मिनिटाला १४ एमपीए, म्हणजे ३१५ किलोन्यूटन हवा. या हिशेबाने ७०० पर्यंत पोचायला दोन मिनिटांच्या वर लागतात. व्हॉल्व्ह जास्त उघडला की आकडा वाढतो. क्यूब वाळवून फोडला तरी वाढतो, म्हणून पाण्यातून काढून पुसायचा आणि ओलाच लावायचा.

सरांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "त्याच लॉटचं सिमेंट शिल्लक आहे का?" नव्हतं. नव्या सिमेंटचा एक मिक्स जुन्या तीन मिक्सशी ताडून कसा पाहणार? चारही पुन्हा टाकले. बारा क्यूब, आणखी २८ दिवस. या वेळी साचे खोलल्याबरोबर प्रत्येकाच्या थापीच्या बाजूवर मार्करने मोठी फुली मारली.