परक्या रस्त्यावरची भाड्याची मोटारसायकल

एके काळी आपल्या गावचा माणूस परदेशी निघाला म्हणजे त्याला निरोप द्यायला निम्मी आळी स्टेशनवर लोटत असे. तो शिकायला जाई किंवा नोकरीला जाई. केवळ हवापालट म्हणून समुद्र ओलांडणे ही मूठभर श्रीमंतांची चैन होती. आज ती स्थिती राहिलेली नाही. २०२३ च्या नोव्हेंबरात थायलंडने भारतीय प्रवाशांना व्हिसावाचून प्रवेश दिला. महाबळेश्वरच्या गोष्टी निघाव्यात तशा आता फुकेत, बाली आणि हनोई यांच्या गोष्टी मध्यमवर्गीय घरांतून निघतात. हे आनंदाचेच आहे. परंतु प्रवास सोपा झाल्याने त्यातले धोके संपत नाहीत. त्यांपैकी एकाच धोक्याचा आज विचार करावयाचा आहे. तो इतका किरकोळ वाटतो, की सामानाची यादी करताना त्याची कोणाला आठवणही होत नाही. परक्या देशात, तिथे चालेल असा परवाना जवळ नसताना, भाड्याने घेतलेली मोटारसायकल हा तो धोका होय.

दुकानदार परवाना का विचारीत नाही?

थायलंडच्या कोणत्याही समुद्रकाठच्या गावात जा. रस्त्याच्या कडेला स्कूटरींच्या रांगा उभ्या दिसतील. दिवसाचे भाडे साधारण दोनशे-तीनशे बाथ. अनेक दुकानांत पासपोर्ट ठेवून घेतात, एका कागदावर सही घेतात आणि किल्ली हातावर ठेवतात. परवान्याचे नावही निघत नाही. मग गिऱ्हाईक मनाशी म्हणते, "हे जर बेकायदा असते, तर भर बाजारात, पोलिसांच्या डोळ्यांदेखत हा धंदा चालला असता का?"

साऱ्या अनर्थाचे बीज या एका प्रश्नात आहे. दुकानदाराला दोनच गोष्टींची काळजी असते : भाडे मिळावे आणि गाडी परत यावी. त्या दोहोंची तजवीज त्याने पासपोर्ट आणि सही घेऊन केलेली असते. ज्या कागदावर आपण न वाचता सही करतो, त्यात बहुधा असे लिहिलेले असते, की गाडीचे नुकसान वा चोरी झाल्यास भरपाई भाडेकरूने करावयाची. कित्येकदा "चालविण्याचा योग्य परवाना माझ्याजवळ आहे" असेही आपल्याच तोंडी घातलेले असते. याचा अर्थ उघड आहे. गाडी त्याची, पण जोखीम सगळी आपली. किल्ली देणे हा त्याचा व्यवहार झाला. रस्त्यावर चालविण्याचा अधिकार त्या देशाचा कायदा देतो, आणि तो अधिकार दुकानात विकत मिळत नाही.

ही सवय आपल्याला घराजवळच लागलेली असते. गोव्याला गेलो, की काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली भाड्याची स्कूटर घ्यायची, हा आपला परिपाठ. तिथे आपला परवाना आपल्याच देशाचा असतो, म्हणून निभावते. तिथेही परवाना नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच हजार रुपये दंड आहे, आणि परवाना नसलेल्याच्या हाती गाडी देणाऱ्या मालकालाही तितकाच आहे. गोव्याची ही सवय समुद्रापलीकडे नेली, की मात्र हिशेब चुकतो.

पासपोर्टाविषयी एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या सतराव्या कलमानुसार पासपोर्ट ही सदैव केंद्र सरकारची मालमत्ता असते. जी वस्तू आपल्या मालकीचीच नाही, ती आपण स्कूटरपायी गहाण टाकतो! पुढे गाडीवर ओरखडा निघाला आणि दुकानदाराने मनमानी रक्कम मागितली, तर परतीचे विमान गाठायचे असलेल्या माणसाला "अडला हरी" होण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

परवाना सीमेपलीकडे कसा जातो?

आपला परवाना आपल्या सरकारने दिलेला असतो. दुसऱ्या सरकारने तो का मानावा? मोटारी देशोदेशींच्या सीमा ओलांडू लागल्या तेव्हाच हा प्रश्न उभा राहिला. १९२६ साली पॅरिसला, १९४९ साली जिनिव्हाला आणि १९६८ साली व्हिएन्नाला देशोदेशींच्या प्रतिनिधींनी जे करार केले, त्यांतून "आंतरराष्ट्रीय वाहन परवाना" ही व्यवस्था रूढ झाली. नाव मोठे असले, तरी वस्तुतः तो आपल्या मूळ परवान्याचा अधिकृत अनुवाद असतो. परक्या मुलखात आपल्या वतीने बोलणारा तो दुभाषी होय. दुभाष्याबरोबर मूळ माणूस हवाच. म्हणून मूळ परवाना जवळ नसेल तर ही पुस्तिका एकटी उपयोगाची नाही.

भारतात ही पुस्तिका आरटीओ कार्यालयातून मिळते. त्यासाठी पक्का परवाना लागतो. शिकाऊ परवान्यावर ती मिळत नाही. तिची मुदत एक वर्षाची असते. पूर्वी प्रत्येक राज्यात तिचे रूप वेगळे असे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारने देशभर एकच नमुना ठरवून दिला. इंटरनेटवर खाजगी मंडळी पैसे घेऊन "आंतरराष्ट्रीय परवाना" म्हणून जी कार्डे विकतात, त्यांना कायद्यात काडीचीही किंमत नाही.

आता तीन फटी नीट ध्यानात घ्याव्यात, कारण बहुतेक लोक यांतल्याच एखाद्या फटीत अडकतात.

पहिली फट सरळ आहे : पुस्तिका काढलेलीच नसते.

दुसरी फसवी आहे. पुस्तिकेत वाहनांचे वर्ग पाडलेले असतात. १९४९ च्या नमुन्यात मोटारसायकलींचा वर्ग 'ए' आणि मोटारगाड्यांचा वर्ग 'बी'. ज्याच्या मूळ परवान्यावर फक्त मोटारगाडी आहे, त्याच्या पुस्तिकेत 'ए' पुढे शिक्का पडत नाही. तो गृहस्थ वीस वर्षे बिनअपघात मोटार हाकीत असेल; पण स्कूटरवर बसला, की कायद्याच्या दृष्टीने तो बिनपरवान्याचाच.

तिसरी फट जाणत्यांनाही चकवते. भारत ही पुस्तिका १९४९ च्या करारानुसार देतो. व्हिएतनाम २०१४ साली १९६८ च्या करारात सामील झाला आणि तो त्याच करारानुसार दिलेल्या पुस्तिका मानतो. म्हणजे जी पुस्तिका बँकॉकला चालते, ती हनोईला चालेलच असे नाही. तेव्हा "माझ्याजवळ आंतरराष्ट्रीय परवाना आहे" एवढे म्हणून भागत नाही. तो कोणत्या कराराचा, कोणत्या वर्गाचा आणि कोणत्या देशात मानला जाणारा, हे तिन्ही जुळावे लागते.

दंड भरला म्हणजे सुटलो?

थायलंडच्या १९७९ च्या वाहन कायद्याप्रमाणे परवान्यावाचून गाडी चालविल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा एक हजार बाथपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. व्यवहारात बहुधा दंडावर भागते. त्यामुळे प्रवाशांत एक समज पसरला आहे, की परवाना नसण्याची किंमत म्हणजे फार तर एक हजार बाथ. पण दंडाची पावती म्हणजे परवाना नव्हे. आणि खरी किंमत पोलिसाच्या चौकीवर मोजावी लागतच नाही. ती रुग्णालयात मोजावी लागते.

समजा, आपला एक तरुण वाळू सांडलेल्या वळणावर घसरला आणि मांडीचे हाड मोडले. थायलंडमध्ये १९९२ च्या कायद्याने प्रत्येक वाहनाला सक्तीचा विमा असतो. त्यातून चूक कोणाची हे न पाहता तातडीच्या उपचारासाठी तीस हजार बाथपर्यंत रक्कम मिळू शकते. हाड मोडून शस्त्रक्रिया करावी लागली, तर ही रक्कम कुठे पुरी पडणार? खाजगी रुग्णालय पुढच्या खर्चाची हमी मागते. घरचे लोक म्हणतात, "काळजी नको, प्रवासाचा विमा उतरविला आहे." कंपनी कागद मागवते, आणि पहिला प्रश्न विचारते, "या वाहनाचा, या देशात चालणारा परवाना होता काय?"

प्रवास विम्याच्या करारात सर्वसाधारणपणे अशी अट असते, की विमेदार कायद्याविरुद्ध वागत असताना, विशेषतः योग्य परवान्याशिवाय वाहन चालवीत असताना झालेल्या इजेची भरपाई मिळणार नाही. काही करारांत दुचाकीच वगळलेली असते; काहींत हेल्मेट नसेल तर दावा फेटाळला जातो. दिवसाच्या अडीचशे बाथच्या स्कूटरपायी घर गहाण टाकण्याची पाळी येते ती इथे. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, तो याहून स्वस्त!

कोणी म्हणेल, आपल्याकडे तर परवाना नसलेल्या चालकाच्या अपघातातही विमा कंपनीला पैसे द्यावे लागतात. हे अर्धसत्य आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली स्वर्णसिंग खटल्यात जे तत्त्व मांडले, ते जखमी झालेल्या तिऱ्हाइताच्या रक्षणासाठी होते : आधी कंपनीने त्याला भरपाई द्यावी, आणि मग ती वाहनाच्या मालकाकडून वसूल करावी. चालविणाऱ्याच्या स्वतःच्या मोडलेल्या हाडासाठी ते नव्हते, आणि परदेशातल्या अपघाताला तर ते लागूच नाही.

तिऱ्हाइताचा उल्लेख आला, तर त्याच्याविषयी दोन शब्द बोललेच पाहिजेत. आपण नेहमी आपल्याच गुडघ्याचा विचार करतो. परंतु त्या गावातली एखादी भाजी विकणारी बाई रस्ता ओलांडते आणि आपली स्कूटर तिला धडकते, असेही होऊ शकते. आपले आठ दिवसांचे मौजेचे ठिकाण हे तिचे रोजचे अंगण असते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास थायलंडच्या दंडसंहितेत दहा वर्षांपर्यंत कैद आहे. परवाना नव्हता ही एकच गोष्ट आपल्या निष्काळजीपणाची साक्ष होऊन उभी राहते. भारतीय वकिलात अटकेतल्या माणसाला भेटू शकते, घरी कळवू शकते, वकील मिळविण्यास साह्य करू शकते; त्या देशाचा कायदा ती बाजूला सारू शकत नाही.

"मला चांगली चालवता येते!"

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर जो स्कूटर चालवितो, त्याला जगात कुठेही भीती नाही, असे आपण विनोदाने म्हणतो. पण आकडे विनोद करीत नाहीत. २०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि त्यांत सुमारे पंचेचाळीस टक्के दुचाकीवरची होती. थायलंडची स्थिती याहून बिकट. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात तिथले प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे ३२.७ मृत्यू असे दिले आहे, आणि त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दुचाकी-तिचाकीवरचे. ही माणसे त्या रस्त्यांवर लहानाची मोठी झालेली होती. जिथे माहीतगार इतके मरतात, तिथे चार दिवसांच्या पाहुण्याने बेफिकीर का असावे?

शिवाय परक्या रस्त्याच्या काही खास खोड्या असतात. थायलंड आणि इंडोनेशियात वाहने आपल्यासारखीच डावीकडून जातात, व्हिएतनाममध्ये उजवीकडून. सरळ रस्त्यावर माणूस हे सांभाळतो. चौकात वळताना वा अकस्मात प्रसंग येताच जुनी सवय उसळी घेते. दुसरी खोडी घाटाची. भाड्याच्या बहुतेक स्कूटरी बिनगिअरच्या असतात. गिअरच्या मोटारसायकलीला उतारावर खालचा गिअर टाकून इंजिनाने आवरता येते. स्कूटरला तो आधार फारच थोडा. मग चालक ब्रेक सतत दाबून ठेवतो, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड सुटते. चिआंग माईहून पाय या गावी जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर ७६२ वळणे असल्याचे तिथले लोक अभिमानाने सांगतात. त्या वळणांवर नवशिक्याला हे कळणे फार उशिराचे असते.

किरकोळ वाटणारी इजाही किरकोळ नसते. चड्डी आणि चप्पल घालून बसलेल्या प्रवाशाची पोटरी तापलेल्या धुराड्याला चिकटते. त्या डागाला परदेशी पाहुण्यांनी थट्टेने "थाई गोंदण" असे नाव दिले आहे. हेल्मेटविषयी तर वाद नकोच. निरनिराळ्या देशांतील संशोधन एकत्र तपासून निघालेला निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. पण हेल्मेट मापाचे आणि पट्टा बांधलेले हवे. दुकानदाराने दिलेले ढिले टोपडे नव्हे.

मग करावे काय?

याचे उत्तर "जाऊ नका" असे मुळीच नाही. ज्याला स्वतः चालवायचेच आहे, त्याने निघण्याच्या महिनाभर आधी तयारीला लागावे. आपल्या मूळ परवान्यावर दुचाकीचा वर्ग आहे की नाही ते पाहावे. नसल्यास इथेच रीतसर शिकून, परीक्षा देऊन तो मिळवावा. मग आरटीओतून पुस्तिका काढावी आणि 'ए' पुढे शिक्का आहे हे डोळ्यांनी पाहावे. ज्या देशी जायचे, तो देश ती मानतो का, याची त्या देशाच्या वकिलातीकडे चौकशी करावी. विमा कंपनीला दुचाकीविषयी प्रश्न विचारून उत्तर लेखी घ्यावे. गाडी घेताना पासपोर्टाऐवजी त्याची प्रत आणि रोख अनामत द्यावी. हे न मानणारे दुकान सोडून द्यावे. गाडीची चारी बाजूंनी छायाचित्रे काढावीत आणि ब्रेक, टायर, दिवे तपासावेत.

ज्याचे यांतले काही जुळत नाही, त्याने बिनदिक्कत मागच्या बैठकीवर बसावे. थायलंडमध्ये नारिंगी जाकिटातले मोटारसायकल-टॅक्सीवाले जागोजागी असतात. व्हिएतनामच्या हा-झांग डोंगरात तर स्थानिक चालकाच्या मागे बसून सारा फेरा करता येतो. दरी दिसते, फोटो निघतात, आणि त्या रस्त्याचे प्रत्येक वळण ओळखणाऱ्या माणसाला चार पैसे मिळतात. यात कमीपणा कसला? घोडा दुसऱ्याचा आणि वाट अनोळखी असेल, तर लगाम वाटाड्याच्या हाती देण्याची रीत आपल्याकडेही जुनीच आहे.

मुलगा किंवा मुलगी परदेशी निघते तेव्हा आपण विचारतो, "पैसे घेतलेस? औषधे घेतलीस? पोचल्यावर कळवशील ना?" त्यांत आणखी एक प्रश्न घालावा, "तिथे गाडी चालवणार आहेस का?" उत्तर "हो" आले, तर परवाना दाखवायला सांगावे. हे विचारायला घरच्या ओसरीवर एक मिनिट लागते. तेच रुग्णालयातून फोनवर विचारण्याची वेळ कोणावरही येऊ नये.