इंग्रजी संभाषणकौशल्याच्या विकासात भूमिकाभिनयाचे स्थान : बारामती व इंदापूर तालुक्यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

महाराष्ट्र शासनाने २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी विषयाचे अध्यापन सुरू केले. त्यापूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांत या विषयाचा आरंभ पाचवीपासून होत असे. याचा अर्थ असा की, आज पदवीच्या प्रथम वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी बारा वर्षे इंग्रजी शिकून आलेला असतो. त्याला कर्तरी प्रयोगाचे कर्मणीत रूपांतर करता येते, उताऱ्यावरील प्रश्नांची उत्तरे लिहिता येतात, रजेचा अर्जही लिहिता येतो. मात्र मुलाखतीत समोरच्या व्यक्तीने एखादा अनपेक्षित प्रश्न विचारला की तो गप्प होतो. भाषेविषयी माहिती असणे आणि भाषा वापरता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, याची जाणीव या शांततेतून होते.

बारामती व इंदापूर तालुक्यांत हा प्रश्न विशेष तीव्रतेने जाणवतो. साखर कारखानदारी, दुग्धव्यवसाय आणि फळबागा यांवर उभ्या असलेल्या या परिसराचा बाहेरच्या जगाशी येणारा संबंध वाढला आहे. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाजिओ या इटालियन कंपनीचा वाहननिर्मितीचा प्रकल्प आहे. इंदापूरच्या परिसरातील द्राक्षे व डाळिंबे परदेशी बाजारपेठेचा विचार करून पिकविली जातात. उजनी धरणाच्या जलाशयावर भिगवणजवळ हिवाळ्यात रोहित पक्षी व पट्टकदंब हंस पाहण्यासाठी दूरदूरचे पर्यटक येतात. इंग्रजीची गरज अशी दाराशी आलेली असताना इंग्रजी बोलण्याचे वातावरण मात्र येथे नाही. घर, शेत, एस.टी. स्थानक, बाजार समिती व दूध संकलन केंद्र या सर्व ठिकाणचा व्यवहार मराठीतून चालतो आणि तसा तो चालणे स्वाभाविकही आहे. परिणामी बहुसंख्य विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी बोलण्याची एकमेव जागा महाविद्यालयाचा वर्ग हीच उरते. त्या जागेचा उपयोग भूमिकाभिनयाच्या साहाय्याने कसा करता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

उद्दिष्टे :

१. भूमिकाभिनय या अध्यापनतंत्राची संकल्पना स्पष्ट करणे.
२. ग्रामीण विद्यार्थ्यांच्या इंग्रजी संभाषणातील अडचणी आणि या तंत्राचा संबंध तपासणे.
३. स्थानिक परिस्थितीवर आधारित भूमिकांची रचना, कार्यवाही व मूल्यमापन यांची दिशा सुचविणे.

भूमिकाभिनय : संकल्पना

भूमिकाभिनय, म्हणजेच रोल-प्ले, हे तंत्र भाषाशिक्षणापुरते मर्यादित नाही. फॅनी व जॉर्ज शाफ्टेल यांनी १९६७ मध्ये सामाजिक मूल्यांच्या शिक्षणासाठी त्याची मांडणी केली आणि पुढे शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत अध्यापनाचे एक प्रतिमान म्हणून त्याला स्थान मिळाले. डेल हाइम्स यांनी १९७२ मध्ये संज्ञापन-क्षमतेची कल्पना विशद केली. वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असणे पुरेसे नसून ते कोणाला, कोठे, कोणत्या हेतूने बोलले जाते याचे भान हाही भाषाज्ञानाचा भाग आहे, हा तिचा आशय होय. या विचारानंतर इंग्रजीच्या वर्गात भूमिकाभिनयाला महत्त्व आले.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. पाठ्यपुस्तकातील संवाद दोन विद्यार्थ्यांकडून पाठ करवून घेऊन वर्गासमोर म्हणवून घेणे, यालाच अनेकदा भूमिकाभिनय समजले जाते. वास्तविक ते संवादपठण होय. त्यात पुढचे वाक्य काय येणार हे दोघांनाही ठाऊक असते. त्यामुळे ऐकण्याची गरज राहत नाही आणि विचार करून बोलण्याचीही राहत नाही. भूमिकाभिनयात विद्यार्थ्याला व्यक्ती, प्रसंग व हेतू दिले जातात. वाक्ये दिली जात नाहीत. ती त्याला समोरच्याचे ऐकून त्याच क्षणी तयार करावी लागतात.

विद्यार्थ्यांच्या अबोलपणाची कारणे :

विद्यार्थी बोलत नाहीत याचे खापर सामान्यतः शब्दसंग्रहाच्या अभावावर फोडले जाते. परंतु त्यामागे किमान तीन निराळी कारणे संभवतात.

पहिले कारण हशाचे भय हे होय. चूक झाल्यास वर्ग हसेल आणि ते नाव वर्षभर चिकटेल, ही भीती विद्यार्थ्याला, विशेषतः गावाकडून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या विद्यार्थिनीला, गप्प करते. भूमिका मिळाली की ही भीती काही अंशी कमी होते. चूक करणारी व्यक्ती ती स्वतः नसते, तर ती ज्या दुकानदाराची वा अधिकाऱ्याची भूमिका करीत आहे तो असतो. सोंगाचा हा आडोसा अल्प असला तरी आरंभासाठी पुरेसा ठरतो.

दुसरे कारण वर्गातील बोलण्याच्या घडणीत आहे. नेहमीच्या तासाला प्रश्न शिक्षक विचारतात आणि विद्यार्थी उत्तर देतात. त्यामुळे बारा वर्षांत इंग्रजीतून स्वतःहून प्रश्न विचारण्याची वेळ विद्यार्थ्यावर क्वचितच येते. मराठीत प्रश्न करताना वाक्यातील शब्दांचा क्रम बदलावा लागत नाही. ‘तू कुठे जात आहेस’ हे सुरावरूनही प्रश्न ठरते. इंग्रजीत साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी आणावे लागते. हा नियम विद्यार्थ्याला लेखी परीक्षेत आठवतो. बोलताना मात्र ‘व्हेअर यू आर गोइंग?’ अशीच रचना तोंडून निघते. ज्या भूमिकेत प्रश्न विचारल्याशिवाय काम होत नाही, ती भूमिका या उणिवेवरचा सरळ उपाय आहे.

तिसरे कारण आदरार्थाशी निगडित आहे. मराठी भाषक ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांतून, अनेकवचनी क्रियापदातून आणि ‘जरा’, ‘ना’ यांसारख्या अव्ययांतून नम्रता व्यक्त करतो. ‘जरा पाणी द्या ना’ हे वाक्य पुरेसे विनम्र आहे. त्याचे ‘गिव्ह मी वॉटर’ असे शब्दशः भाषांतर झाले की ते हुकूम वाटते. इंग्रजीतील सौजन्य ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’ अशा रचनांत असते. या साधनांशी परिचय नसल्यामुळे विद्यार्थी प्रत्येक वाक्याला ‘सर’ जोडून वेळ भागवितो. वरिष्ठ, समवयस्क व अपरिचित अशा तिघांशी एकच विनंती निरनिराळ्या रीतीने करावयास लावणारी भूमिका हे अंतर नियमांच्या यादीपेक्षा अधिक लवकर स्पष्ट करते.

सोंगाची स्थानिक परंपरा :

हे तंत्र पाश्चात्त्य असून ग्रामीण विद्यार्थ्यांना ते कृत्रिम वाटेल, अशी शंका घेतली जाते. ती रास्त नाही. आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी या मार्गाने इंदापुरास येते. भारुड ही या परिसराला परकी गोष्ट नाही. संत एकनाथांच्या भारुडांत वासुदेव, जोशी, गोंधळी अशा व्यक्तींच्या तोंडून अध्यात्म सांगितले जाते. तमाशातील बतावणीतही प्रश्नोत्तरे ऐन वेळी रंगविली जातात. दुसऱ्याच्या नावाने उभे राहून बोलणे आणि प्रेक्षकांनी ते मान्य करणे, ही रीत विद्यार्थ्यांच्या परिचयाची आहे. सर्व सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हटले जाते. भाषेचे सोंग मात्र आणता येते, आणि ते पुरेसे वेळा आणले तर सोंग उरत नाही.

भूमिकांची रचना :

भूमिकाभिनयाचे यश अभिनयापेक्षा भूमिकापत्रिकेवर अवलंबून असते. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत राबविलेला बंगलोर प्रकल्प येथे मार्गदर्शक ठरतो. माहितीतील तफावत, तर्कातील तफावत व मतांतील तफावत असे कृतींचे तीन प्रकार त्यांनी सांगितले. एकाजवळ आहे ते दुसऱ्याजवळ नाही, या स्थितीतच बोलण्याचे खरे कारण निर्माण होते. म्हणून दोन्ही विद्यार्थ्यांना एकच पत्रिका न देता स्वतंत्र पत्रिका द्याव्यात व त्या परस्परांना दाखवू देऊ नयेत.

प्रसंग विमानतळ अथवा पंचतारांकित हॉटेलातील असण्याचे कारण नाही. ज्या ठिकाणी विद्यार्थी कधी गेलेला नाही तेथील भूमिका करताना त्याला भाषा व प्रसंग दोन्हींची कल्पना करावी लागते. परिचित प्रसंगात त्याचे सर्व लक्ष भाषेवर राहते. पुढील दोन उदाहरणे या दृष्टीने पाहता येतील.

(अ) द्राक्ष निर्यातदार व परदेशी खरेदीदार : २०१० मध्ये महाराष्ट्रातून युरोपात गेलेली द्राक्षे क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे अडचणीत आली होती. त्या घटनेच्या आधारे प्रसंग रचता येतो. निर्यातदाराच्या पत्रिकेत पुढील मजकूर असावा : कंटेनर बंदरात थांबला आहे, प्रयोगशाळेचा अहवाल हाती आहे, दर दहा टक्क्यांपर्यंत कमी करण्याची मुभा आहे, परंतु ती आरंभीच सांगावयाची नाही. खरेदीदाराच्या पत्रिकेत : माल नाकारण्याचा अधिकार आहे, मात्र दुकानांना चार दिवसांत पुरवठा करणे भाग आहे. दोघांनाही काही मिळवायचे व काही लपवायचे असल्याने बोलणे लांबते, अटी घातल्या जातात आणि ‘इफ’ने सुरू होणाऱ्या संकेतार्थी वाक्यरचना ओघानेच येतात. ज्या घरात द्राक्षबाग आहे तेथील विद्यार्थ्याला येथे प्राध्यापकांपेक्षा अधिक माहिती असते आणि त्या माहितीमुळे त्याचा आत्मविश्वास वाढतो.

(आ) भिगवणचा नावाडी व पर्यटक : जलाशयातील मासेमारी करणारे काही नावाडी पर्यटकांना पक्षी दाखवितात. नावाड्याच्या पत्रिकेत फेरीचा दर, वेळ आणि पक्ष्यांच्या फार जवळ नाव न नेण्याचे बंधन असावे. पर्यटकाच्या पत्रिकेत छायाचित्रासाठी अगदी जवळ जाण्याचा आग्रह असावा. नम्रपणे नकार देणे, कारण सांगणे व पर्याय सुचविणे ही तीन भाषिक कार्ये या प्रसंगातून साधतात. नकार देणे हे परभाषेत सर्वांत अवघड असते. म्हणून त्याचा सराव स्वतंत्रपणे व्हावा.

याच धर्तीवर औद्योगिक वसाहतीतील नोकरीची मुलाखत, कारखान्याला भेट देणारे परदेशी अभियंते, बँकेतील तक्रार असे प्रसंग तयार करता येतील. मात्र भूमिकांची निवड करताना संवेदनशीलता आवश्यक आहे. कर्जबाजारी शेतकऱ्याची भूमिका एखाद्या विद्यार्थ्याच्या घरचे दुःख चव्हाट्यावर आणू शकते. जात, व्यंग वा बोलीचा उपहास होईल अशा भूमिका कटाक्षाने टाळाव्यात.

वर्गातील कार्यवाही :

ऐंशी ते शंभर विद्यार्थ्यांच्या वर्गात हे शक्य नाही, असा आक्षेप प्राध्यापकांकडून येतो. दोघांनी समोर येऊन बोलावे व उरलेल्यांनी पाहावे, अशी पद्धत ठेवल्यास तो आक्षेप खरा आहे. त्याऐवजी तिघा-तिघांचे गट करून सर्व गटांनी एकाच वेळी जागेवर बसून बोलावे. दोघे भूमिका करतील, तिसरा निरीक्षक राहील व पुढील फेरीत भूमिका बदलतील. वर्गात गोंगाट होतो, परंतु त्या गोंगाटातच लाजाळू विद्यार्थ्याचा आवाज सुरक्षित राहतो.

पन्नास मिनिटांच्या तासाची विभागणी साधारणतः अशी करता येईल. पहिल्या दहा मिनिटांत प्रसंग समजावून आवश्यक शब्द व रचना फळ्यावर द्याव्यात. पुढील पाच मिनिटांत पत्रिका वाचून समान भूमिका असणाऱ्यांनी आपसांत विचार करावा. या टप्प्यावर मराठीचा वापर होऊ द्यावा. नंतरची वीस मिनिटे दोन फेऱ्यांसाठी ठेवावीत. उर्वरित पंधरा मिनिटांत एका गटाचे सादरीकरण व चर्चा व्हावी. ‘कुड यू रिपीट दॅट, प्लीज?’ यासारखी अडल्यावेळी कामास येणारी चार-पाच वाक्ये प्रारंभीच दिल्यास संभाषण खुंटत नाही.

चुका व मूल्यमापन :

प्रभूंनी आपल्या प्रकल्पात गटकार्याला फारसे स्थान दिले नव्हते. विद्यार्थी परस्परांची सदोष भाषा ऐकतील व तीच दृढ होईल, अशी त्यांना चिंता होती. ही चिंता दुर्लक्षिण्याजोगी नाही. ‘टुडे मॉर्निंग’ किंवा ‘आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स’ असे मराठी वळणाचे प्रयोग गटात सहज पसरतात. त्यावर उपाय म्हणून बोलणे चालू असताना मध्येच न थांबवता प्राध्यापकांनी चुका टिपून ठेवाव्यात, शेवटी कोणाचेही नाव न घेता पाच-सहा वाक्ये फळ्यावर लिहावीत व ती विद्यार्थ्यांकडूनच सुधारून घ्यावीत. त्यानंतर होणारी दुसरी फेरी महत्त्वाची असते. सुधारणा मुरते ती तेथे. त्यासाठी पुढील तासाचा आरंभ वापरता येईल.

मूल्यमापनात केवळ शुद्धतेला गुण दिल्यास विद्यार्थी पुन्हा पाठांतराकडे वळतात. हेतू साध्य झाला का, समोरच्याचे ऐकून प्रतिसाद दिला का, प्रसंगोचित सौजन्य राखले का, उच्चार समजण्याजोगे होते का आणि भाषा कितपत शुद्ध होती, असे पाच निकष ठेवून अंतर्गत मूल्यमापनात त्यांना स्थान द्यावे. लेखी परीक्षेत ज्याला गुण नाहीत त्यासाठी विद्यार्थी श्रम घेत नाहीत, ही वस्तुस्थिती नाकारता येत नाही.

मर्यादा :

भूमिकाभिनय व्याकरणाच्या अध्यापनाची वा वाचनाची जागा घेऊ शकत नाही. शब्दांची शिदोरी नसलेल्या विद्यार्थ्याला केवळ धीर देऊन बोलते करता येत नाही. पत्रिका तयार करण्यास वेळ लागतो आणि पहिल्या दोन-तीन तासांत बऱ्याच गटांचे संभाषण एका मिनिटात संपते. अशा वेळी तंत्र सोडून देण्यापेक्षा पत्रिकेतील तफावत वाढविणे हितावह ठरते.

निष्कर्ष :

१. संवादपठण म्हणजे भूमिकाभिनय नव्हे. माहितीची तफावत व स्पष्ट हेतू असल्यासच खरे संभाषण घडते.
२. हशाचे भय, प्रश्न विचारण्याच्या सवयीचा अभाव आणि सौजन्याच्या रचनांचा अपरिचय या तिन्ही अडचणींवर हे तंत्र उपयुक्त आहे.
३. बारामती व इंदापूर परिसरातील शेती, उद्योग व पर्यटन यांतून भूमिकांची भरपूर सामग्री उपलब्ध होते.
४. सुधारणेनंतरची दुसरी फेरी आणि अंतर्गत मूल्यमापनातील स्थान या दोन गोष्टींशिवाय हा उपक्रम एखाद्या दिवसाच्या करमणुकीपुरता उरतो.

ज्या विद्यार्थ्याच्या बागेतील द्राक्षे सातासमुद्रापलीकडे जातात, त्याला त्या द्राक्षांविषयी चार वाक्ये स्वतः बोलता येऊ नयेत, ही बाब इंग्रजीच्या प्रत्येक अध्यापकाला विचार करावयास लावणारी आहे. त्याला ती बोलण्याची पहिली संधी वर्गातच मिळावी, एवढी व्यवस्था निश्चितच प्राध्यापकांच्या हाती आहे.